पडला की पडली

गुरुवार, १ जानेवारी

वरदाने, म्हणजे माझ्या नातीने, ख्रिसमसला ही डायरी दिली. "आजी, रोज लिहायचं. ब्रेनसाठी गुड असतं." पस्तीस वर्षं मी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात डॉक्टर होते आणि हेच वाक्य रोज दहा जणांना ऐकवायचे. आता ऐकायची पाळी माझी.

मिहीर आणि आश्लेषा, मुलगा आणि सून, आज सकाळी पिनरला परत गेले. निघताना मिहीरने विषय काढलाच. त्याचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. नॉटिंगहॅमच्या या चढावरच्या घरात मी एकटी, वय त्र्याहत्तर, पुढे जिना, मागे निसरडी पायरी. मिहीर इन्शुरन्समध्ये आहे. काय काय वाईट होऊ शकेल ते आधी ओळखणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. त्याला मी पिनरला हवी आहे, गॅरेजच्या जागी बांधायच्या खोलीत.

"आई, मंडेला, बारा तारखेला, एक लेडी येईल घर बघायला. ओन्ली व्हॅल्युएशन. नो प्रेशर."

नो प्रेशर म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी आमची बोली झाली. बारापर्यंत थंडीचा कडाका आहे, बर्फ आहे, असं हवामानखातं सांगतंय. तेवढे दिवस मी काही न होता काढले, तर तो त्या बाईंना नको म्हणून कळवेल आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. काही झालं तर घर विकायचं आणि मी अवाक्षर काढायचं नाही. हातावर हात मारला. "काही झालं" म्हणजे नक्की काय, ते ठरवून घ्यायला हवं होतं. हे घर मला सोडायचं नाही. एवढं एकच मला या वर्षी हवं आहे.

शनिवार, ३ जानेवारी

दुपारी वरदा रजई बगलेत मारून दारात हजर. ती इथल्याच युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, मैत्रिणींबरोबर घर घेऊन राहते.

"आजी, तिथे ती हीटिंग टोटली बेकार आहे. मी तुझ्याकडे राहू? लाइक, टेन डेज?"

दहा म्हणजे दहाच, असा नेमका आकडा का, ते कळलं नाही. परीक्षा असेल. बोलीत बसतं का म्हणून मिहीरला फोन केला, तर तो इतक्या चटकन हो म्हणाला की मलाच नवल वाटलं. बिचारीला थंडीत कुठे ठेवायची. निदान माझ्याकडे चार घास गरम मिळतील.

वरदाच्या मराठीत सगळं जग बायकांचं. ती दरवाजा, ती चमचा, ती टॉवेल. "ती बस" तेवढं बरोबर निघतं, ते नशिबाने. मी प्रत्येक वेळी थांबवून सुधारते. आश्लेषा तर मूळची पुण्याचीच. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीतच लिहायचं, इंग्रजी लिहिलं तर उत्तर नाही, हा नियम तिचा. मी त्या नियमाची कट्टर पाठीराखी. पोरगी मला विचारून विचारून लिहिते, पण लिहिते.

रविवार, ४ जानेवारी

रात्रीत तीन इंच बर्फ. पक्ष्यांना दाणे टाकायला मागच्या दाराने गेले आणि घसरले.

लिहूनच टाकते, डायरी मिहीर वाचत नाही. पडले म्हणण्यापेक्षा बसले म्हणणं बरोबर, पण जोरात बसले. उठून स्वतःची तपासणी केली. पायावर भार पडतोय, पाय आखूड झालेला नाही, बाहेर वळलेला नाही. हाड शाबूत. डाव्या बाजूला वांग्याच्या रंगाचा डाग उठलाय, तो साडीत काय नि पँटमध्ये काय, कुणाला दिसणार नाही. याला "काही झालं" म्हणत नाहीत, असं मी ठरवलं आहे. वॉर्डातल्या माझ्या म्हाताऱ्या असंच ठरवायच्या आणि मी त्यांना रागवायचे.

वरदा तेव्हा आंघोळीला गेली होती. नंतर खिडकीतून मागे बघत बराच वेळ उभी होती. पायरीवरच्या बर्फात माझी बैठक चांगली ठसठशीत उमटली होती, पण तिला काय कळणार. मी लंगडत होते तर म्हटलं, मान अवघडली. मान अवघडल्यावर पाय लंगडतो का, असं तिने विचारलं नाही. आर्ट्सची मुलगी आहे.

सोमवार, ५ जानेवारी

सकाळी पाहते तो मागच्या पायरीवर, थेट कचऱ्याच्या डब्यांपर्यंत, जाडं मीठ आणि वाळू पसरलेली. शेजारच्या डेरेकचं काम असणार. भला माणूस. त्याचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो घराबाहेर पडलेला नाही, तरी एवढी आठवण ठेवली. दुपारी त्याच्यासाठी मुगाचं कढण नेलं. "अय अप, मी डक," म्हणाला, हा इथला रामराम, आणि मिठाचे आभार मानले तर गोंधळल्यासारखा बघत राहिला. कान गेले आहेत त्याचे.

जीपीच्या सर्जरीतून, म्हणजे इथल्या दवाखान्यातून, फोन. कोवळ्या आवाजाची मुलगी. थंडीचा इशारा आहे, तुम्ही आमच्या नाजूक प्रकृतीच्या यादीत आहात, घर अठरा डिग्रीच्या वर ठेवता ना? ही यादी करायला मीच कधीकाळी शिकवलं आहे, असं तिला सांगावंसं वाटलं. पण मग वाटलं, बिचारी तिचं काम करते आहे. "हो गं बाई" हे इंग्रजीत जेवढं प्रेमाने म्हणता येतं तेवढं म्हटलं.

बुधवार, ७ जानेवारी

उणे आठ. बागेतली चिमणी पाण्याच्या भांड्यावर चोच आपटून परत गेली, म्हणून कोमट पाणी ठेवून आले. मीठ टाकलेल्या पायरीवरून, जपून.

उद्या रात्रीपासून बर्फाची अंबर वॉर्निंग, म्हणजे लाल इशाऱ्याच्या एक पायरी खालची. दुकानात ब्रेड आणि दूध संपलेलं. इंग्रज माणूस संकटात टोस्ट खातो. आमच्याकडे तांदूळ, तूर, बेसन, दोन महिन्यांची बेगमी. वरदा फळीवरचे डबे बघून म्हणाली, "आजी, तू लाइक वॉरसाठी तयार आहेस." तिला पिठलं शिकवलं. गुठळ्या झाल्या, तरी दोघींनी पातेलं निपटून खाल्लं. इतकं बरं वाटलं. तीन वर्षांत मी एकटीसाठी पिठलं केलं नव्हतं.

झोपायच्या आधी ती जिन्यात कुणाशी तरी हळू आवाजात इंग्रजीत बोलत होती. "ती खातेय नीट. थोडी स्टिफ आहे, बट चिअरफुल," असं काहीतरी. विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीची मांजर आजारी आहे. मुलगी मायाळू आहे, मांजराची सुद्धा एवढी काळजी.

शुक्रवार, ९ जानेवारी. मेणबत्तीच्या उजेडात

आज खरंच "काही झालं".

रात्रभर बर्फ. बॉयलरही रात्रभर पोटात पाणी ढवळल्यासारखा आवाज करत होता आणि सकाळी सातला बंद. मला कारण ठाऊक आहे. त्याचा सांडपाण्याचा बारीक नळ भिंतीबाहेरून जातो, तो गोठतो. ह्यांच्या हयातीत दोनदा झालं होतं. कोमट पाणी ओतून नळ मोकळा करायचा. उकळतं नाही, नळ तडकतो. मी ह्यांचा ओव्हरकोट आणि माकडटोपी चढवली आणि पातेली भरभरून न्यायला लागले. वरदाला आधीच बजावलं, बाबाला सांगायचं नाही. तिने मान हलवली, पण ती कुठल्या दिशेने हलवली ते टोपीमुळे नीट दिसलं नाही.

मी बाहेर नळाशी, ती आत दारात फोन घेऊन.

"आजी, गर्गलिंगला मराठी वर्ड काय?"

"घरघर," मी ओरडून सांगितलं.

"आणि कोल्ड झाला, तर गार पडला, का पडली?"

"पडली," मी म्हटलं. थंडी पडली. एवढ्या धांदलीतही पोरीला व्याकरण सुचतंय याचं मला कौतुक वाटलं.

नळ मोकळा व्हायच्या आत, बाराच्या सुमारास, वीज गेली. वीज नाही म्हणजे बॉयलर नाहीच. हल्लीचा घरचा फोनही विजेवर चालतो, तोही गेला. थोड्या वेळाने मोबाइलच्या काड्याही गेल्या. टॉवरचीही वीज गेली असणार. पण गॅस आहे आणि काडेपेटी आहे. वरदा आणि मी दोन्ही बाजूंनी धरून डेरेकला आमच्याकडे आणलं. वीस पावलांना वीस मिनिटं. तिघं स्वयंपाकघरात दारं लावून बसलो. मी आमटीभात केला. डेरेकने आमटीला सूप म्हटलं आणि तीनदा घेतलं. त्याने कोळशाच्या खाणीतल्या गोष्टी सांगितल्या, वरदाने त्याला "नाव सांगा" आणि "पुरे" हे दोन मराठी शब्द शिकवले. आता तो दिवाणखान्यात चार पांघरुणांखाली घोरतोय.

मिहीरला कळवायचा मार्गच नाही, म्हणून खोटं बोलायचाही प्रश्न नाही. अशी निश्चिंत मी बऱ्याच दिवसांत झोपले नसेन.

शनिवार, १० जानेवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी सव्वाआठला दार वाजलं. मी कालच्याच अवतारात होते, ह्यांचा कोट, ह्यांची माकडटोपी, हातात डाव. दार उघडलं तर बाहेर मिहीर आणि आश्लेषा. मिहीरच्या पायात ऑफिसचे बूट, त्यांवर सुपरमार्केटच्या पिशव्या बांधलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि "बाबा?" म्हणाला. मग मी टोपी काढली. तो तिथेच, बर्फात, उंबऱ्यापाशी खाली बसला.

आश्लेषाने माझा हात धरला तो सोडेना. सरळ नाडीवर बोटं ठेवून उभी राहिली. "आई, तुम्ही आहात," एवढंच ती म्हणत होती. मी आहे, आणि दार उघडं राहिलं तर कुणीच राहणार नाही, असं म्हणून दोघांना आत घेतलं.

मिहीरची जीभ जड झाली होती, बटणं सुटत नव्हती. अंगातली ऊब उतरल्याची ही लक्षणं मला झोपेतही ओळखता येतात. ओले कपडे काढले, कोरडं गुंडाळलं, चोळायचं नाही, शेगडीला चिकटून बसवायचं नाही, गोड चहा घोट घोट. डेरेक उठून आपली पांघरुणं देऊ लागला. अर्ध्या तासाने मिहीर कापायला लागला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. कापणं हे चांगलं लक्षण.

मग कळलं ते असं. काल सकाळी वरदाने ग्रुपवर बॉयलरचा फोटो पाठवला आणि खाली, नियमाप्रमाणे, शुद्ध मराठीत लिहिलं. फोटो गेलाच नाही. खालचं तेवढं गेलं, आणि आश्लेषाने ते पाहीपर्यंत इथले फोन बंद पडले होते. आश्लेषाने फोन माझ्यासमोर धरला.

"रात्रभर घरघर चालू होती. सकाळी सातला बंद झाली. आता पूर्ण गार पडली आहे."

मी ते दोनदा वाचलं. इतका निर्दोष मजकूर वरदाने आयुष्यात लिहिला नव्हता. एकेक शब्द माझ्याकडून घेतलेला.

"मम्मा, बॉयलर! मी बॉयलरचं लिहिलं होतं," वरदा रडत म्हणाली. "तुला असं कसं वाटलं की मी आजीबद्दल असं टेक्स्टमध्ये लिहीन?"

"अगं, घरघर म्हटल्यावर मला दुसरं काय वाटणार?" आश्लेषा म्हणाली. "माझ्या आजोबांना लागली होती, मी उशाशी होते. तुझा फोन लागेना, आईंचा लागेना. पोलिसांना कळवलं तर म्हणाले, रस्ते बंद आहेत, जमेल तसं जाऊ. आणि तू एकोणीस वर्षांची, एकटी तिथे बसलेली, समोर आई... मी कशी थांबणार होते?"

वॉर्निंग असूनही दोघं निघाले. एम वन हायवेवर लेस्टरच्या अलीकडे गाड्या अडकल्या आणि चौदा तास हलल्या नाहीत. पांघरूण नाही, खाणं नाही. पेट्रोल पुरवायला इंजिन तासातून दहा मिनिटं चालू. पहाटे बर्फ हटवणारी गाडी आली, मग आमच्या चढाखालपर्यंत गाडी आली, तिथून चालत. मेल्या आईला बघायला माझा मुलगा स्वतः मरता मरता आला. याचा राग धरावा की अभिमान, मला ठरवता येत नाही. आत्ता तो वर माझ्या पलंगावर झोपलाय. तीनदा जाऊन त्याचा श्वास बघून आले.

रविवार, ११ जानेवारी

दहाला वीज आली. मिहीरने नळ मोकळा केला, त्याला जुन्या रजईच्या पट्ट्या गुंडाळल्या. बॉयलर सुरू झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वरदाने "तो सुरू झाला" असं म्हटलं, तो वर जोर देऊन.

आश्लेषाची ओली पिशवी वाळत घालायला रिकामी केली. तळाशी रुमालात गंगेचा गडू, तिच्या आईने लग्नात दिलेला, आणि तुळशीची पानं. माझ्या तोंडात घालायला आणलेलं. गडूचं सील फुटलेलं.

"आई, रागावू नका," ती मान खाली घालून म्हणाली. "पहाटे तीनला आठवलं, मिहीरची बीपीची गोळी राहिली होती. प्यायला दुसरं पाणी नव्हतं. मला खूप अशुभ वाटलं, पण दिलं."

"गोळी गेली ना पोटात?" मी विचारलं.

"गेली."

"मग गंगेने तिचं काम केलं." गडू घासून देवापाशी ठेवला. ती अजून रडत होती, म्हणून तिला लाडू वळायला बसवलं. संक्रांत बुधवारी आहे.

दुपारी मी वरदाला एकटीला गाठलं. ग्रुपवर बॉयलरचं कशाला लिहिलंस, बजावलं होतं ना? ती सरळ सगळं बोलून गेली. बाबाने तिला दहा दिवस माझ्यावर नजर ठेवायला पाठवलं होतं. तिच्या घरचं हीटिंग उत्तम चालतं. मीठ-वाळू तिने टाकली, पहाटे पाचला उठून. पायरीवरचा ठसा पहिल्याच दिवशी ओळखला. आणि ती आजारी मांजर म्हणजे मी.

"पण पडलेलं बाबाला सांगितलं नाही मी, प्रॉमिस. ओन्ली स्टिफ म्हटलं."

मला खूप लागलं, मान्य करते. दोन तास मी वर जाऊन एकटीच कपाट लावत बसले. पस्तीस वर्षं मी घरी सोडताना प्रत्येक पेशंटला विचारायचे, घरी कोण असतं? आणि प्रत्येक म्हातारी ताठ मानेने सांगायची, कुणी नको, माझं मी करते. मग मी पडद्यामागे बघायचे, तर तिथे पिशवी घेऊन कुणाची तरी लेक उभी असायची. मला वाटायचं, या बायका खोटं बोलतात. खोटं नाही, त्यांना खरंच ती लेक दिसत नसते.

संध्याकाळी मिहीरला सगळं सांगितलं. पडल्याचं, नळाचं, सगळं. "बोली म्हणजे बोली," मी म्हटलं. "उद्या त्या बाईंना येऊ दे. मी अवाक्षर काढणार नाही." हे म्हणताना आवाज नीट राहिला. रडू नंतर न्हाणीघरात आलं.

तो उठून नळावरच्या पट्ट्या पुन्हा बघायला गेला. त्याच्या बाबांसारखाच, विचार करायचा तर तोंड मिटून.

सोमवार, १२ जानेवारी

बर्फ वितळायला लागलाय, पन्हळी टपटप करताहेत. सकाळपासून मी घर आवरत होते. विकायचंच तर नीटनेटकं दिसावं. वरदा म्हणाली, ती आता लपून नाही, उघड राहायला येते, उरलेलं दीड वर्ष, तिला विचारलं तर. मी म्हटलं, घर राहिलं तर विचारीन.

अकराला घंटा वाजली. गमबूट घातलेल्या बाई, हातात टॅबलेट, चेहरा हसरा. मी पुढे झाले, पण मिहीर माझ्या आधी दाराशी पोचला. त्याने काल रात्री फोन करून रद्द केलं असेल अशी मला थोडी आशा होती. केलं नव्हतं. पाहुणीला आत घेण्यापुरतं दारही त्याने उघडलं नाही.

"सॉरी," तो म्हणाला, "आय शुड हॅव कॉल्ड. माय मदर लिव्ह्ज हिअर."

त्या म्हणाल्या, हो, ते कागदावर आहे, आईंची संमती आहे ना? मिहीरने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जसंच्या तसं, पण या वेळी आवाज फुटला. बाई समजूतदार होत्या. काय समजल्या कोण जाणे, पण "ऑफ कोर्स," म्हणून निघून गेल्या.

दार लावून तो तिथेच, दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"बोलीचं काय?" मी विचारलं.

"आई, त्या कारमध्ये, तू नाहीस असं धरून, मी ठरवला होता की ही घर कधी विकायची नाही. मग तू आहेस तर कशी विकू?"

राहणं आणि जगणं, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. त्याने त्या बाईंना यातलं कुठलं सांगितलं, ते मी विचारलं नाही. पाठीवरून हात फिरवला, आणि चव्वेचाळीस वर्षांच्या माझ्या मुलाने तो फिरवू दिला.